हौशी गोल्फर वर्षाला नेमका किती खर्च करतो? माझा हिशेब मांडतो आहे, तुमचाही सांगा

लेखक: सांजसकाळ (मध्य न्यू जर्सी)

डिसेंबरात कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत एका तरुण सहकाऱ्याने मला विचारले, की गोल्फवर तुमचे वर्षाला किती पैसे जातात. मी फारसा विचार न करता 'बाराशे-पंधराशे डॉलर जात असतील' असे सांगून मोकळा झालो. घरी आल्यावर मात्र आपण त्या मुलाला थाप मारली की काय, अशी शंका मनात राहिली. म्हणून नाताळच्या सुट्टीत क्रेडिट कार्डाची वर्षभराची विवरणे आणि गोल्फच्या पिशवीच्या कप्प्यांत चुरगळून पडलेल्या पावत्या घेऊन बसलो आणि २०२५ च्या हंगामाचा, म्हणजे मार्चअखेरपासून नोव्हेंबरपर्यंतचा, हिशेब काढला. तो इथे जसाच्या तसा देतो.

मी खासगी क्लबाचा सभासद नाही. आमच्या काउंटीची स्वतःची सार्वजनिक मैदाने आहेत आणि रहिवाशांना ओळखपत्र काढले की तिथे सवलतीच्या दरात खेळता येते. ओळखपत्राचे ५० डॉलर भरून मी तिथे २४ फेऱ्या खेळलो, सरासरी ४१ डॉलरने. याशिवाय मित्रांच्या आग्रहाखातर चार फेऱ्या बाहेरच्या महागड्या मैदानांवर झाल्या, त्यांचे सरासरी ९५ डॉलर पडले. म्हणजे २८ फेऱ्यांची ग्रीन फी, म्हणजे मैदानावर खेळण्याचे शुल्क, १,३६४ डॉलर झाली. माझ्या डोक्यात जो 'बाराशे-पंधराशे'चा आकडा होता, तो इथून आला होता. मैदानाच्या खिडकीपाशी कार्ड पुढे करताना जे पैसे जातात तेवढेच लक्षात राहतात, बाकीचे सुटे सुटे जातात आणि विसरले जातात.

आता ते बाकीचे पाहा. शक्यतो मी पिशवी ढकलगाडीवर घालून चालतच खेळतो, तरी जुलैच्या उकाड्यात पाच वेळा मैदानावरची मोटारगाडी भाड्याने घ्यावी लागली, तिचे ११० डॉलर झाले. रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, चेंडूंच्या वीस बादल्या मारल्या, त्याचे २४०. प्रशिक्षकाकडे चार तास घेतले, त्याचे ३६०. तेरा दांड्यांच्या मुठींचे रबर गुळगुळीत झाले होते, ते मजुरीसह बदलून घेण्यास १५० लागले. बूट ११०, चार हातमोजे ७२, हँडिकॅपच्या, म्हणजे खेळाडूची पातळी दाखवणाऱ्या आकड्याच्या, नोंदणीचे ४५. कंपनीच्या धर्मादाय स्पर्धेत भाग घेण्याचे १७५. पैजेत हरलेले ३६ डॉलर मी प्रामाणिकपणे लिहिले आहेत, जिंकलेले किती होते ते कोणी विचारू नये. अर्धी फेरी, म्हणजे नऊ होल, झाल्यावरचे सँडविच आणि पूर्ण अठरा झाल्यावरची बिअर यांचे मिळून ३०८ डॉलर निघाले, आणि हा आकडा पाहून मला सर्वांत जास्त धक्का बसला.

राहता राहिले चेंडू. पाच डझन चेंडूंचे १४० डॉलर झाले. टायटलिस्ट कंपनीचे प्रो व्ही वन हे महागडे चेंडू मी घेत नाही, कारण त्या एका डझनाला ५५ डॉलर पडतात आणि माझ्या खेळाला ते झेपणारे नाहीत. आमच्या नेहमीच्या मैदानावर चौदाव्या होलला ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, अलीकडे तळे आहे. वारा समोरून असला की माझा चेंडू हमखास काठावरच्या उतारावर पडतो, क्षणभर थांबल्यासारखा वाटतो आणि मग गवतातून सावकाश घरंगळत पाण्यात जातो. 'डुबुक' असा आवाजही होत नाही. झाडीत गेलेला चेंडू शोधायला पूर्वी पाच मिनिटे मिळत. २०१९ च्या नियमबदलापासून ती तीनच झाली आहेत, आणि वाढत्या वयातल्या दृष्टीला तीन मिनिटे पुरत नाहीत. पाच डझनांतले आठ चेंडू हंगाम संपताना पिशवीत शिल्लक होते.

ही सगळी बेरीज ३,१६० डॉलर होते. यात गोल्फच्या दांड्या धरलेल्या नाहीत, कारण माझा वापरलेला संच, लांब फटक्याची दांडी म्हणजे दोन वर्षे जुना ड्रायव्हर, पिशवी आणि ढकलगाडी मिळून २०१९ मध्ये ८६० डॉलरना आले होते. ते सहा वर्षांत वाटले तर वर्षाला १४३ होतात. एकूण ३,३०३ डॉलर, म्हणजे दर फेरीला ११८ डॉलर पडले. खिडकीवर सरासरी ४९ डॉलर देणारा मी प्रत्यक्षात त्याच्या जवळजवळ अडीचपट देत होतो, आणि इतकी वर्षे त्याचा मला पत्ता नव्हता.

या खेळाबद्दल बाहेरच्यांना वाटते, की महागडी हत्यारे हाच मोठा खर्च असतो. दुकानात सहाशे डॉलरचा नवा ड्रायव्हर भिंतीवर टांगलेला दिसतो, त्यामुळे तसे वाटणे साहजिक आहे. माझ्या वहीत मात्र हत्यारे शेवटून मोजण्यासारखी आहेत. खरा खर्च मैदानावर पाय ठेवण्याचा आणि त्याभोवती जमणाऱ्या बारीकसारीक गोष्टींचा आहे. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात, तसे आहे. भारतात आणि इतरत्र खेळणाऱ्यांचा अनुभव वेगळा असणार, म्हणून हा धागा काढला आहे. कृपया आकडे द्यावेत, नुसते 'परवडत नाही' किंवा 'हौसेला मोल नसते' असे लिहू नये.

प्रतिसाद: शंकेखोर

हिशेब आवडला, पण तुम्ही घरापासून मैदानापर्यंत उडत गेलात काय? अठ्ठावीस फेऱ्या आणि वीस वेळा रेंज, यांचे पेट्रोल कुठे आहे?

दुसरी शंका शीर्षकाबद्दल आहे. 'हौशी गोल्फर' नावाचा एक सरासरी माणूस अस्तित्वात नाही. अमेरिकेत २०२४ मध्ये प्रत्यक्ष मैदानावर खेळलेल्यांची संख्या सुमारे २.८ कोटी होती. त्यांत वर्षातून एकदा सासऱ्यांबरोबर नऊ होल खेळून येणारा जावईही आला आणि खासगी क्लबात आठवड्याला चार वेळा खेळणारा निवृत्त सर्जनही आला. या दोघांची सरासरी काढली, तर जो आकडा येईल तो दोघांपैकी कोणालाच लागू पडणार नाही. म्हणून वार्षिक आकड्यापेक्षा तुम्ही शेवटी काढलेला दर फेरीचा आकडा अधिक उपयोगाचा आहे असे माझे मत आहे.

प्रतिसाद: कडूनिंब (पुणे)

मी पुण्यात एका जुन्या क्लबाचा बावीस वर्षांपासून सभासद आहे, आता निवृत्त आहे आणि आठवड्यातून दोन-तीनदा पहाटे खेळतो. वर्षाला सुमारे १३० फेऱ्या होतात. आपल्याकडचा हिशेब न्यू जर्सीपेक्षा मुळातूनच वेगळ्या रीतीने चालतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझी मासिक वर्गणी तीन हजार रुपये आहे, तीवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे वर्षाचे ४२,४८० रुपये झाले. सभासद असल्याने वेगळी ग्रीन फी लागत नाही. पिशवी वाहणाऱ्या कॅडीला दर फेरीला बक्षिसासह सहाशे रुपये देतो, त्याचे ७८,००० होतात. खेळ आटोपल्यावर चौघांचा चहा, ऑम्लेट, कधी कांदेपोहे, यांत माझ्या वाट्याला सरासरी अडीचशे येतात, ते ३२,५०० झाले. चेंडू मी नवे घेतच नाही. ओढ्यातून आणि झुडपांतून काढलेले, धुऊन पुसून प्रतवारी लावलेले चेंडू सत्तर रुपयांना एक मिळतात. त्यांतले काही मीच गेल्या महिन्यात हरवलेले असतात, आणि त्यांवर मी पेनाने काढलेली हिरवी फुली पाहून विकणारा मुलगा दहा रुपये कमी करतो. वर्षाला असे दीडशे चेंडू लागतात, त्याचे १०,५०० झाले. घामाने हातमोजे टिकत नाहीत, दहा लागतात, त्याचे ९,०००. एकूण १,७२,४८० रुपये, म्हणजे दर फेरीला १,३२७ रुपये पडतात.

या आकड्यांत पाहण्यासारखी गोष्ट ही आहे, की कॅडीचा खर्च क्लबाच्या वर्गणीच्या जवळजवळ दुप्पट आहे. सांजसकाळ यांचा पैसा मुख्यतः मैदानाला जातो, माझा एका माणसाला जातो. आणि तो माणूस नुसती पिशवी वाहत नाही. माझ्याबरोबर अकरा वर्षे असलेला कॅडी ग्रीनवर वाकून गवताचा कल पाहतो आणि 'साहेब, एक कप उजवीकडे' (म्हणजे होलाच्या रुंदीइतके) एवढेच म्हणतो. मी त्याचे ऐकले नाही तर काय होते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. भारतीय गोल्फमधील काही मोठी नावे याच वाटेने पुढे आली आहेत. १९९१ मध्ये इंडियन ओपन ही स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर हे दिल्लीच्या मैदानावर कॅडी होते. मात्र या कामाला पगार नाही, खेळ झाला तरच पैसे मिळतात. २०२० च्या टाळेबंदीत मैदान बंद पडले तेव्हा आमच्या चौकडीने आपापल्या कॅडींना दरमहा रक्कम पोचवली. ती मी त्या वर्षी गोल्फच्याच खर्चात लिहिली होती आणि ते योग्य होते असे मला आजही वाटते.

आता एक गोष्ट मी वर मुद्दाम वगळली आहे, ती म्हणजे प्रवेश शुल्क. मी सभासद झालो तेव्हाची रक्कम आज सांगून उपयोग नाही. आज एखाद्या क्लबात दहा लाख भरावे लागतात असे धरा. हे पैसे परत मिळत नाहीत. तेच मुदत ठेवीत सात टक्क्यांनी ठेवले असते, तर वर्षाला सत्तर हजार व्याज मिळाले असते. माझ्याइतक्या फेऱ्या खेळणाऱ्याला त्यामुळे दर फेरीला ५३८ रुपये अधिक पडतील. महिन्यातून एकदाच येणाऱ्या सभासदाला मात्र एकेका फेरीमागे नुसते व्याजच पाच हजार आठशेच्या वर पडेल. आपल्याकडे गोल्फ महाग आहे असे जे म्हटले जाते, ते या दारापाशी खरे आहे. आत गेल्यावर तो तितका महाग राहत नाही.

प्रतिसाद: खाडीकाठ (नवी मुंबई)

दाराविषयी कडूनिंब यांनी लिहिले ते अगदी पटले, पण बिनदाराचे मैदानही आहे, हे नमूद करावेसे वाटते. खारघरला सिडकोचे मैदान आहे. २०१२ मध्ये ते सुरू झाले तेव्हा अठराऐवजी अकराच होल होते. तिथे सभासद नसलेल्या माणसालाही पैसे भरून खेळता येते. मी तिथेच शिकलो. चेंबूरच्या किंवा ताडदेवच्या क्लबांत मला कोणी ओळखीने पाहुणा म्हणून नेले तरच प्रवेश मिळेल, आणि अशा ओळखी माझ्याकडे नाहीत.

मी महिन्यातून एकदा खेळतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये बहुतेक नाहीच, कारण डोंगरावरून पाणी उतरू लागले की चेंडू पडल्या जागी रुततो. रेंजवर मात्र दर शनिवारी जातो. मैदान, सराव, चेंडू असे सगळे मिळून माझे वर्षाला चाळीस हजारांच्या आत भागते. आमच्या सोसायटीत एक गृहस्थ दर वर्षी नवा मोबाईल घेतात आणि माझ्या गोल्फला श्रीमंती थाट म्हणतात, त्यांना हा आकडा मी अजून सांगितलेला नाही.

प्रतिसाद: फौजी_अण्णा

सेवानिवृत्त अधिकारी म्हणून माझा खर्च लिहायला थोडा संकोच वाटतो, कारण तो तुम्हा सर्वांपेक्षा पुष्कळच कमी आहे. लष्कराची मैदाने देवळालीला आहेत, कामठीला आहेत, पुण्यातही आहेत. कागदोपत्री त्यांना गोल्फ कोर्स म्हणत नाहीत, 'आर्मी एन्व्हायर्नमेंटल पार्क अँड ट्रेनिंग एरिया' असे लांबलचक नाव आहे, आणि त्या नावावर आम्ही स्वतःही हसतो. वर्गणी नाममात्र असते. माझा सर्वांत मोठा खर्च कॅडी आणि त्याखालोखाल गुडघ्याचा पट्टा हा आहे. या स्वस्ताईची किंमत सरकारी जमिनीच्या रूपाने कोणीतरी दुसरा देतो आहे, याची मला जाणीव आहे. त्यामुळे माझा आकडा कोणी तुलनेसाठी धरू नये.

प्रतिसाद: रानजाई (बंगळूर)

हत्यारांचा खर्च शेवटून मोजण्यासारखा असतो, हे सांजसकाळ यांचे म्हणणे अनुभवी खेळाडूच्या बाबतीत खरे असेल. नवशिक्या माणसाचा, आणि विशेषतः नवशिक्या बाईचा, पहिल्या वर्षाचा खर्च नेमका तिथेच होतो, कारण काय घ्यावे हे तिला कळत नसते आणि विकणाऱ्याला ते पुरेपूर कळलेले असते.

मी शिकायला लागले तेव्हा इथल्या एका दुकानदाराने मला 'लेडीज सेट' म्हणून बारा दांड्यांचा पूर्ण संच गळ्यात मारला. पिशवीचा रंग जांभळा होता, तेवढाच काय तो स्त्रियांसाठीचा विचार त्यात झाला असावा. माझी उंची पाच फूट आठ इंच आहे आणि त्या दांड्या माझ्यासाठी आखूड होत्या. सहा महिने मी वाकून खेळले, पाठ धरली, आणि दोष माझ्या स्विंगचा आहे असे समजून प्रशिक्षकाचे आणखी दहा तास घेतले. शेवटी त्यानेच स्वतःची जुनी सात नंबरची आयर्न, म्हणजे मध्यम अंतराची दांडी, माझ्या हातात दिली आणि चेंडू पहिल्याच फटक्याला सरळ गेला. त्या क्षणी आनंद झाला की राग आला, हे अजून ठरवता आलेले नाही.

नियमाप्रमाणे पिशवीत जास्तीत जास्त चौदा दांड्या ठेवता येतात, पण कमीत कमी किती हव्यात याचा नियमच नाही. मी आज सात घेऊन खेळते: एक ड्रायव्हर, एक हायब्रिड, तीन आयर्न, एक सँड वेज आणि पटर. ह्या सातही वापरलेल्या घेतल्या आणि त्यांची एकूण किंमत त्या जांभळ्या संचाच्या निम्म्याहून कमी होती.

प्रतिसाद: उगवतीचा_देश (टोकियोजवळ)

जपानमध्ये खेळाच्या पावतीवर चक्क कराची वेगळी ओळ असते. गोल्फ मैदान वापरल्याबद्दल दरडोई दरदिवशी कर लागतो. त्याचा प्रमाण दर ८०० येन आहे आणि मैदानाच्या दर्जाप्रमाणे तो १,२०० येनपर्यंत जातो. त्यातला सात दशांश हिस्सा मैदान ज्या गावाच्या हद्दीत असेल त्या गावाला मिळतो. अठरा वर्षांखालील आणि सत्तरीच्या वरील खेळाडूंना हा कर माफ आहे. आमच्या चमूतले एक आजोबा सत्तरावा वाढदिवस झाल्यानंतरच्या पहिल्या फेरीची पावती चौकटीत घालून ठेवणार आहेत.

येथे नऊ होल झाल्यावर सक्तीची वाटावी अशी जेवणाची सुट्टी असते, शेवटी गरम पाण्याचे सामुदायिक स्नान असते, आणि हे सारे बहुधा एकाच रकमेत धरलेले असते. त्यामुळे सांजसकाळ यांच्यासारखे सँडविचचे आकडे वेगळे काढता येत नाहीत. शनिवार-रविवारचा दर मधल्या वारांच्या दीडपट-दुप्पट असतो, म्हणून मी वर्षातल्या निम्म्या सुट्ट्या मंगळवारीच टाकतो.

सर्वांत मजेशीर खर्च विम्याचा आहे. एका फटक्यात चेंडू होलात गेला, तर ज्याने तो मारला त्यानेच सोबत्यांना मेजवानी आणि भेटवस्तू द्यायच्या, असा इथे रिवाज आहे. ते इतके महाग पडू शकते, की लोक त्याचा रीतसर विमा उतरवतात. सर्वसाधारण हौशी खेळाडूच्या बाबतीत अशी शक्यता साधारण साडेबारा हजारांत एक मानली जाते. मीही दर वर्षी हप्ता भरतो. हा खर्च वाया जावा की न जावा, याबद्दल माझे मन द्विधा आहे.

प्रतिसाद: सांजसकाळ

सर्वांचे आभार. शंकेखोर यांची शंका रास्त आहे, प्रवास मी साफ विसरलो होतो. नकाशावर अंतरे मोजली, तेव्हा मैदानांसाठी ९५२ आणि रेंजसाठी २०० असे मिळून १,१५२ मैल निघाले. माझी गाडी गॅलनला तीस मैल देते, म्हणजे गॅस (पेट्रोल) सुमारे ११९ डॉलरचा झाला आणि दर फेरीचा आकडा ११८ वरून १२२ वर गेला.

कडूनिंब, तुमचा व्याजाचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. आमच्या भागातल्या एका खासगी क्लबाच्या सभासदत्वाचा अर्ज माझ्या टेबलाच्या खणात दोन वर्षे पडून आहे. माझ्या अठ्ठावीस फेऱ्यांनी त्या प्रवेश शुल्काला भागून पाहिले आणि खण पुन्हा बंद केला.

प्रतिसाद: शंकेखोर

फक्त गॅस धरणे बरोबर नाही. टायर, विमा, घसारा यांचे काय? अमेरिकेच्या कर खात्याने व्यवसायासाठी केलेल्या प्रवासाचा २०२५ चा दर मैलाला ७० सेंट ठरवला होता. त्या दराने तुमचे ८०६ डॉलर होतात आणि फेरी १४७ डॉलरला पडते.

प्रतिसाद: सांजसकाळ

गाडी घरात आहेच आणि तिचा विमा गोल्फ सोडला तरी भरावा लागणार आहे, म्हणून मी १२२ वरच ठाम आहे. ज्याला १४७ धरायचे असतील त्याने आपल्या वहीत खुशाल धरावेत.

रानजाई यांचा प्रतिसाद मी त्या सहकाऱ्याला जसाच्या तसा समजावून सांगितला. तो दुकानात पूर्ण संच पाहून आला होता आणि पैसे भरण्याच्या बेतात होता. आता येत्या शनिवारी त्याला माझी जुनी सात नंबरची आयर्न देऊन रेंजवर नेणार आहे. बादलीचे बारा डॉलर त्याने द्यायचे, असे ठरले आहे.